खुणेचा खिळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठसा आहे आणि माझं तोंड जरा फटकळ आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी रुसायला नको. एक वीत लांब, चार बोटं रुंद, पाठीला धरायची मूठ आणि पोटावर कोरलेली वेल, असं माझं रूप. कापडावर वेल छापणं हे माझं काम. बावन्न वर्षं मी ते करतोय. लोक ते कापड घेतात, शिवतात, वापरतात, मळवतात, धुतात. माझ्या मते कौतुक यालाच म्हणतात. हल्ली ज्याला कौतुक म्हणतात ते मी नुकतंच पाहून आलोय आणि मला त्याचा वीट आलाय.

मला आजोबांनी घडवलं. म्हणजे आत्याच्या वडिलांनी. आत्या ही माझी मालकीण. तिचा भाचा तिला आत्या म्हणतो, म्हणून सगळेच म्हणतात, मीही म्हणतो. आजोबांनी लाकडाचा तुकडा दोन वर्षं पलंगाखाली वाळवला आणि मग सतरा दिवस कोरला. शेवटच्या दिवशी, सगळी वेल कोरून झाल्यावर, त्यांनी माझ्या उजव्या कोपऱ्यात, थोडा वरच्या अंगाला, पितळेचा एक बारीक खिळा ठोकला. मला भारी राग आला. एवढं देखणं अंग घडवलं आणि जाता जाता गालावर तीळ ठेवला, असं वाटलं.

तो खिळा कशासाठी, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. मी कापडावर एक छाप मारला की वेलीसोबत त्या खिळ्याचा मोहरीएवढा ठिपका उमटतो. पुढचा छाप मारताना माझ्या पहिल्या पानाचं टोक बरोबर त्या ठिपक्यावर ठेवायचं. पान ठिपक्याला झाकतं आणि देठाला देठ जुळतो. ठिपका जरा वर असल्यामुळे प्रत्येक छाप आधीच्यापेक्षा अर्धं बोट वर सरकतो, म्हणून माझी वेल नुसती पसरत नाही, चढते. शेवटचा एक ठिपका तेवढा उघडा राहतो, तो शिवणीत जातो. कापड तयार झाल्यावर खूण कुणालाच दिसत नाही.

आत्या तेव्हा आठ वर्षांची होती. आमच्या छपाईच्या कारखान्यात, टेबलापाशी स्टुलावर उभी राहून छाप मारायची. "वेलीकडे बघू नकोस," आजोबा तिला सांगायचे. "ठिपक्याकडे बघ. वेल आपोआप जुळते." ते गेल्यावर तिनेच ते टेबल सांभाळलं. आता तिची साठी झाली आहे, मूठ धरताना हात थोडा थरथरतो, पण पान ठिपका चुकत नाही. माझा जोडीदार म्हणजे भरणीचा ठसा, पानांत हिरवा रंग भरणारा. जाडा, गप्प, आणि मी रेघ मारून दिल्याशिवाय एक पाऊल न टाकणारा. तेव्हा मी नसलो तर टेबल बंद, इतका सरळ हिशेब आहे.

आणि नेमका मीच भाच्याने नेला.

हा भाचा चित्रकार आहे. संगणकावर चित्रं काढतो. काढतो कसला, चार बटणं दाबतो आणि खुर्चीत रेलून वाट बघतो. लहानपणी कारखान्यात आला की कपड्यांना रंग लागेल म्हणून दारातच उभा राहायचा. तिशीत आल्यावर अचानक त्याला आमचा पुळका आला. "आत्या, आठ दिवसांसाठी दे गं," म्हणाला. "नुसती मापं घेतो, फोटो काढतो. एका मोठ्या दालनात भिंतभर तुझी वेल चढणार आहे."

टेबलावर त्या वेळी एका पाळणाघराचे पडदे अर्धे छापून पडले होते. महिनाअखेर द्यायचे होते. तरी आत्याने मला जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून त्याच्या हातात ठेवलं. घरचा मुलगा, नाही कसं म्हणणार? मी तिच्या जागी असतो तर तोंडावर नाही म्हटलं असतं.

त्याने मला एका गोल चकतीवर बसवलं आणि गरगर फिरवलं. अंगावरून लाल रेघ फिरली. डॉक्टरसुद्धा माणसाला इतकं निरखत नाही, आणि इतकं निरखून या शहाण्याला काडीचंही कळलं नाही. संगणकाच्या पडद्यावर त्याने मला दारा-खिडकीएवढा केला. माझी एकेक पटाशीची खोच बघून "वा, वा" करत होता. मग त्याला कोपऱ्यातला ठिपका दिसला.

"हा कसला डाग?" तो स्वतःशीच म्हणाला आणि बोटाच्या एका टिचकीने त्याने तो पुसून टाकला.

मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पण लाकूड ओरडलं तर ऐकतो कोण! बावन्न वर्षांची माझी खूण, आजोबांच्या हातची, डाग म्हणून गेली. फोन उचलून "आत्या, हे काय आहे?" एवढं विचारायला त्याच्या काय जिवावर आलं होतं? बरं, विचारायचं नव्हतं तर घरची चादर तरी बघायची. त्याच्या स्वतःच्या पलंगावर माझ्या वेलीची चादर आहे. लहानाचा मोठा त्यावर झोपून झाला, पण डोळे उघडून एकदा बघितली असेल तर शपथ.

आठ दिवसांचा महिना झाला. आत्याचे फोन यायचे. "अगं, उद्या नक्की," हा म्हणायचा. त्याचा तो उद्या काही उगवला नाही. कारण दालनाच्या संचालिका बाईंना मी कायमचा हवा होतो आणि या पठ्ठ्याने आत्याला न विचारता कागदावर सही करून मला देऊनही टाकलं होतं. त्यांनी मला काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवलं. कोरडा ठणठणीत. डोक्यावर दिवा, बाजूला पाटी: 'आशियाई वारसा आणि आधुनिक तंत्रज्ञान यांचा मिलाफ. लाकडी ठसा. कारागीर अज्ञात.'

आशिया नक्की कुठून कुठपर्यंत आहे मला माहीत नाही. मी टेबलावरून फारसा कुठे गेलेलो नाही. पण 'अज्ञात' हा शब्द वाचून माझं लाकूड पेटलं. येणारे-जाणारे पेटीपाशी थबकायचे, मान तिरकी करायचे, म्हणायचे, "केवढी ऊर्जा आहे यात!" ऊर्जा म्हणे. चुलीत घाला, मग दिसेल ऊर्जा.

माझ्या पेटीसमोरच ती भिंत होती. चाळीस फूट रुंद, वर सहा प्रोजेक्टर. माणूस समोरून चाललं की त्याच्यामागे वेल उगवायची, हात हलवला की फूल उमलायचं. पण उद्घाटनाला दोन दिवस उरले आणि वेल काही जुळेना. दर छापानंतर करंगळीएवढी फट. देठ एकीकडे, पान भलतीकडे. पूर्ण भिंतीवर तुटलेल्या वेलीचे तुकडे लटकत होते. चौघे जण दिवसभर खटपट करत बसले. छाप जवळ आणले तर फुलं एकमेकांवर चढली, लांब नेले तर फट वाढली. वर सरकवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी काचेतून बघत होतो आणि सांगायला लाज कसली, मला आनंद होत होता. चांगले तोंडावर आपटत होते.

शेवटी भाच्याने आत्याला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. बोटं निळी, खांद्याला पिशवी, पिशवीत रंगाच्या गादीचा डबा आणि पांढऱ्या कापडाचा लांब तुकडा. आल्या आल्या तिने मला शोधलं. पेटी बघितली, मग डोळ्यांजवळ चष्मा धरून पाटी वाचली. दोनदा वाचली.

"अज्ञात म्हणजे?" तिने विचारलं.

"अगं आत्या, त्या संचालिका बाई म्हणाल्या की... अज्ञात लिहिलं की जुनं वाटतं." भाच्याची मान खाली गेली होती.

"ज्यांच्या खांद्यावर बसून तू शाळेत गेलास, ते अज्ञात?" ती आवाज न चढवता म्हणाली. "आणि हा पेटीत का?"

त्याने सहीचं सांगितलं. "उघड," आत्या एवढंच म्हणाली.

संचालिका बाईंच्या शुभ्र टेबलावर तिने कापड अंथरलं, गादीवर रंग ओतला आणि मला त्यात दाबलं. मित्रांनो, महिनाभर कोरडं पडल्यावर रंगाचा तो गारवा कसा लागतो ते तुम्हाला काय सांगू! धप. एक छाप. आत्याने पुन्हा रंग घेतला. धप. तिसरा. चौथा. भाचा वाकून बघत होता. पाचव्या छापाला त्याने तिचा हात धरला.

"थांब. हा ठिपका."

"हं?"

"तू पान त्याच्यावर ठेवतेस."

"मग कुठे ठेवू?"

त्याने तिचा हात सोडला. "मी पुसला गं तो. मला डाग वाटला."

"विचारायचं होतंस," आत्या म्हणाली. तिला तेवढंच बोलायचं होतं. मला पुष्कळ बोलायचं होतं, पण माझ्या तोंडात रंग होता.

अर्ध्या तासात त्याने संगणकावर ठिपका परत ठेवला आणि प्रत्येक छापाचं पान त्यावर आणलं. मग भिंतीवरचे प्रोजेक्टर लागले. वेल जमिनीपासून निघाली आणि एकाही ठिकाणी न तुटता छताच्या कोपऱ्यापर्यंत चढत गेली. आत्या तिच्यासमोरून चालली, तर तिच्या मागे पानं फुटत गेली. ती मागे वळून बघत राहिली. "बाबांना दाखवायला हवं होतं," म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मलाही ती भिंत आवडली. हे मी एकदाच सांगतोय, पुन्हा विचारू नका.

मग आत्याने मला नळाखाली धुतलं, ब्रशने रेघा साफ केल्या, कोरडं पुसलं आणि पातळाच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत टाकलं. संचालिका बाई धावत आल्या. "अहो, तुम्हाला नेता येणार नाही! सही झालेली आहे त्याच्यावर."

"ज्याने सही केली त्याला बसवा पेटीत," आत्या म्हणाली. "माझे पडदे राहिलेत."

बाई भाच्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता हा शेपूट घालणार. पण तो उठला, त्याने स्वतःच्या हाताने ती पाटी उचकटून काढली आणि म्हणाला, "बाई, सही माझी होती, ठसा माझा नव्हता. नेऊ द्या तिला." इतक्या दिवसांत त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं शहाण्यासारखं वाक्य.

पेटीत आता त्या दुपारचा कापडाचा तुकडा आहे, शेवटचा ठिपका उघडा ठेवलेला. नव्या पाटीवर आजोबांचं नाव आहे. पडदे चार दिवस उशिरा गेले, पण गेले.

भाचा हल्ली दर रविवारी कारखान्यात येतो. आत्या त्याला फक्त फडकी छापायला देते. मूठ अशी धरतो जशी कुणी गरम कढई धरावी. पहिल्या रविवारी त्याने बारा फडकी वाया घालवली आणि मी प्रत्येकाला नाक मुरडलं. गेल्या रविवारी आत्याचा हात जास्तच थरथरत होता, म्हणून ती स्टुलावर बसून राहिली. "वेलीकडे बघू नकोस," ती त्याला म्हणाली. त्याने मला उचललं, श्वास रोखला आणि पान ठिपक्यावर टेकवलं. देठाला देठ जुळला. आत्याने वाकून बघितलं, ठिपका कुठेच दिसला नाही. मी काही बोललो नाही.

तर मित्रांनो, आम्हा जुन्यांना जपायचं असेल तर मखमल नको. रंगात बुडवा, काम झालं की लगेच धुवा, सावलीत वाळवा, महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवा. तुमच्या यंत्रावर आम्हाला डोंगराएवढं करा, खुशाल करा. पण आमच्या अंगावर एखादा ठिपका दिसला आणि तो डाग वाटला, तर पुसण्याआधी विचारा. सांगणारी अजून स्टुलावर बसली आहे, तोवर विचारा.