रंजिताची निवटी

बेचाळीस वह्यांत बेचाळीस कमळं. मुखकमल, चरणकमल, नयनकमल. एकानं तर ‘करकमल’ खोडून त्याच्यापुढं पुन्हा ‘करकमल’च लिहिलं होतं. सातवीतल्या एकाही पोरानं कमळाकडं कधी नीट पाहिलं नसेल, पण गाइडात होतं म्हणून वहीत होतं. दमयंतीबाईंना शिसारी आली. कुणीतरी चघळून थुंकलेला घास दुसऱ्यानं उचलायचा, तिसऱ्याच्या तोंडात घालायचा, आणि वर त्याला शिक्षण म्हणायचं!

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही.

“‘आई देवासारखी’ म्हटलं तर ती उपमा. मधला ‘सारखी’ हा साकव, दोन काठ जोडणारा. तो काढून टाका. आता अल्याड-पल्याड काही उरलं नाही, दोन्ही एकच झालं. हे रूपक. एकमेकांना कोडी घालता ना? तसंच हे, फक्त उत्तर आधी सांगायचं. घरातलं माणूस घ्या. आणि कमळ आणलंत तर याद राखा!”

धनेश उठला. “बाई, माजा बाप जेसीबी हाय.”

“का रे?”

“उचलतो नि फेकतो.”

“कुणाला?”

“मना.”

वर्ग खिदळला. रोडपालीच्या सोसायटीतली प्रांजल म्हणाली, “आमचे आजोबा रिमोट आहेत. हवे तेव्हा सापडतच नाहीत.” तेवढ्यात मागच्या बाकावरून रंजिता उभी राहिली. खाडीकाठच्या वस्तीतली, एरवी हजेरीपुरती बोलणारी पोर.

“माजी आई निवटी हाय.”

“शीऽऽ!” प्रांजलनं नाक चिमटीत धरलं. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातला बोटभर मासा. अंगानं बुळबुळीत, डोळे पार टाळूवर.

“गप गं,” बाई म्हणाल्या. “रंजिता, निवटी कशी?”

“भरतीला पान्यात, ओहोटीला चिखलात. दोनीकडं जगते. बाकीची मासली पानी गेल्याव मरते, ही उड्या मारते. नि धराला गेलं का सटाकते.”

बाईंच्या अंगावर काटा आला. रंजिताची आई रंभा त्यांना ठाऊक होती. पहाटे गुडघाभर चिखलात चिंबोऱ्या धरणारी, दुपारी पनवेलच्या बाजारात पाटी मांडणारी, संध्याकाळी खारघरच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर भांडी घासणारी. चिखल तिचा, लिफ्टही तिची. कुठं बुडाली नाही, कुठं सुकली नाही. पोरीनं चार वाक्यांत आईचा अख्खा दिवस उचलून आणला होता. बाईंनी ते फळ्यावर लिहिलं आणि पोरांना उतरवून घ्यायला लावलं.

तालुक्याच्या ‘माझी आई’ स्पर्धेसाठी त्यांनी रंजिताचंच नाव दिलं. मुख्याध्यापक धर्मराज सरांनी तिच्या भाषणाचा कागद दोन बोटांत धरला, जणू कागदच बुळबुळीत होता.

“आईला मासा? बरं, मासा तर मासा, पापलेट तरी म्हणा!”

“सर, त्यात तिचं स्वतःचं पाहणं आहे.”

“परीक्षक जेवून येतात, मॅडम. त्यांच्यापुढं चिखल कसला कालवता? चंदन करा. झिजतं, सुगंध देतं. चंदनाला अजून कुणी नाही म्हटलेलं नाही.”

शाळेतून एकच नाव जाणार होतं. निदान पोर स्टेजवर तरी उभी राहील. बाईंनी स्वतःच्या हातानं ‘निवटी’ खोडून वर ‘चंदन’ लिहिलं. अक्षर फार सुरेख आलं. पुढं त्यांना सगळ्यात जास्त किळस आली ती त्या सुरेख अक्षराची.

रंजितानं कागद पाहिला. “बाई, निवटी वाईट हाय?”

“वाईट नाही गं. पण स्टेजवर बरी दिसत नाही.”

मग त्यांनी तिला आठवडाभर घोटवलं. हाय नाही, आहे. पानी नाही, पाणी. हात छातीवर, मान किंचित तिरकी.

शनिवारी सभागृहात सात पोरांनी सात आया सांगितल्या. त्यांतल्या चार चंदन होत्या. एक तुळस, एक समई, एक वात्सल्यसिंधू. परीक्षक माना डोलवत होते. एवढ्या आयांमधली एकही कुणाच्या घरची वाटत नव्हती.

रंभा बाजारातून तशीच आली होती. पाटी खुर्चीखाली सारून शेवटच्या रांगेत बसली होती.

“माझी आई चंदन आहे!” रंजिताचा आवाज खणखणीत उठला. “ती स्वतः झिजते आणि जगाला सुगंध देते!”

टाळ्या पडल्या. त्या ओसरतात तोच मागून रंभा हसली, खाडीपल्याड हाक जावी अशा आवाजात.

“मी कवा गो झिजलू? चंदन तं मेल्याव सरनाव घालतान! जितीपनीच जालतेस क मना?”

दहा-बारा माणसं हसली. पुढच्या रांगेतल्या बाईनं मागं वळून पाहिलं आणि पदर नाकाला लावला. रंजितानं ते स्टेजवरून पाहिलं. तिचा हात छातीवर तसाच होता.

पहिला नंबर तिचाच आला. ढाल घेऊन ती खाली उतरली तेव्हा रंभा दोन्ही हात पसरून पुढं झाली. “ये गो माजी बाय!”

रंजिता एक पाऊल मागं सरली.

“लांब राहा. तुझ्या अंगाला वास येतो.”

एकही अक्षर न गिळता, शुद्ध. अगदी घोटवलं होतं तसं.

रंभाचे हात क्षणभर हवेत राहिले. मग तिनं ते लुगड्याला पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले आणि बाईंकडं वळली. “ब्येस शिकिवलंत, बाई.” त्यात टोमणा असता तर बाईंनी सोसला असता. नव्हता. रंभा मनापासून बोलत होती. बाईंना तिच्याकडं बघवेना.

सोमवारी त्यांनी वर्गात पाय टाकताच म्हटलं, “रंजिता, तुझं आधीचं म्हण बघू. निवटीचं.”

“नको, बाई.”

“चुकलं माझं. ते खोडायला नको होतं. म्हण. विसरलीस का?”

“नाही. पाठ आहे.” ती बाकाकडं बघत होती. “पण आता आईकडं बघितलं की तसं दिसत नाही.”

“मग काय दिसतं?”

“चिखल,” रंजिता म्हणाली आणि खाली बसली. आज ती दुसऱ्या रांगेत आली होती. प्रांजलनं सरकून तिला जागा करून दिली.