गोल सोडून धावणारा

फुटबॉलच्या सामन्याची आखणी तिच्या घरी जेवणाच्या टेबलावर व्हायची. बाळाच्या वाट्या म्हणजे आपले खेळाडू, औषधाच्या बाटल्या समोरचे. प्रशिक्षक असलेल्या तिच्या नवऱ्याने सगळ्या वाट्या पार पुढे सरकवल्या.

"त्यांच्या दारातच गाठायचं. चेंडू त्यांच्याकडे गेला की तिघांनी अंगावर जायचं. श्वास घेऊ द्यायचा नाही."

"अहो, पण मागे केवढी जागा उघडी पडते!"

"मागे गोलकीपर तुझा भाऊ आहे की. लांबचा चेंडू आला तर गोल सोडून धावेल."

भाऊ ताडमाड उंच, म्हणून सगळ्यांचा खांब्या. "भावोजी, खांब कधी धावतो का?" म्हणत तो खो खो हसला.

ती हसली नाही. रोज दुपारी नवरा कामावर गेला की हाच खांब्या तिच्या स्वयंपाकघरात सुजलेला गुडघा शेकत बसायचा. "ताई, बोललीस तर बघ हं. मोठ्या क्लबचा माणूस मला बघायला येतोय. पुन्हा कोण येणारे?"

सामन्यात पहिला तासभर समोरच्यांना चेंडू धड पुढे नेताच येईना. गडबडून आपल्याच चुकांनी दोन गोल देऊन बसले. लोक नाचत होते. बाळाला खांद्यावर घेऊन ती मात्र आपल्या पोरांचे पाय बघत होती. आता तिघांऐवजी एकच अंगावर जात होता, बाकीचे कमरेवर हात ठेवून उभे. समोरच्याला मान वर करायला सवड मिळाली आणि चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून मागे आला. भाऊ धावला. एक पाऊल उशीर. गोल.

ती उठली. नवरा दहा पावलांवर उभा होता. लांबून भावाने तिच्याकडे बघून मान हलवली. नको.

ती बसली.

पुढचा चेंडू आला तेव्हा मैदानाच्या त्या अर्ध्या भागात तो एकटाच होता. धावता धावता गुडघा मुडपला आणि तो आडवा झाला. रिकाम्या गोलकडे चेंडू इतका सावकाश गेला की रांगतं मूलही त्याला अडवू शकलं असतं.

"आता खेळणं विसरायचं," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले.

नवरा भिंतीला टेकला. "अरे, एका शब्दाने सांगायचंस. दोघांना मागे ठेवलं असतं मी."

"कुणालाच सांगितलं नव्हतं, भावोजी," भाऊ छताकडे बघत म्हणाला.

"तुला तरी कसं कळणार," नवरा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला.

बाळाचा पायमोजा नीटच होता. ती तो पुन्हा नीट करत राहिली.