अंदाज नको, काटा बघा

मी एक जुना वजनकाटा आहे. पत्र्याचं पसरट ताट, पोटावर गोल तबकडी आणि तिच्यावर एक हट्टी काटा, असा माझा अवतार. मित्रांनो, या इस्पितळात जन्मलेल्या हजारो बाळांचं पहिलं वजन मी केलंय. माझा आकडा ऐकून आजीबाईंचे चेहरे फुलत, तेव्हा मीही मनातल्या मनात मिशीला पीळ देत असे.

मग लाल आकड्यांचा नवा काटा आला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तीन वर्षं धूळ खात पडलो. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

एके सकाळी ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टरांनी मला शोधून काढलं, घासूनपुसून थिएटरच्या कोपऱ्यात मांडलं. सिझेरियननंतर रक्ताने भिजलेले पॅड माझ्यावर ठेवायचे आणि कोऱ्या पॅडांचं वजन वजा करायचं, की किती रक्त गेलं ते कळतं. डॉक्टर हसले. "सिस्टर, बटाटे तोलायचेत का? वीस वर्षं डोळ्यांनीच अंदाज घेतोय मी!"

पुढच्याच आठवड्यात एका शिक्षिकेचं सिझेरियन झालं. मुलगी झाली, रडलीही खणखणीत. टाके घालून डॉक्टर म्हणाले, "चारशे-पाचशे मिली गेलं असेल. ठीक आहे."

"एक मिनिट," म्हणत सिस्टरांनी बाईंच्या पाठीखाली दबलेले पॅडही ओढून काढले. ते कुणाच्याच नजरेत आले नव्हते. सगळा ढीग माझ्यावर आला आणि माझा काटा चढतच गेला.

"डॉक्टर, वजा करून अकराशे ग्रॅम भरतंय, म्हणजे जवळजवळ तेवढेच मिली. आणि अजून वाहतंय!"

"सिस्टर, मला गरगरतंय... माझं बाळ..." बाई पुटपुटल्या.

डॉक्टरांचं हसू कुठच्या कुठे पळालं. त्यांनी पोटावरून गर्भाशय चोळायला घेतलं, भूलतज्ज्ञांनी ते आकसण्यासाठी आणखी एक इंजेक्शन दिलं, रक्ताची पिशवी धावत आली. सिस्टर थोड्या थोड्या वेळाने नवा पॅड माझ्यावर ठेवत होत्या. काटा आधी बराच सरकला, मग थोडा. शेवटी कोऱ्या पॅडाच्या वजनापुढे तो हललाच नाही. मित्रांनो, आम्ही जिंकलो!

पाचव्या दिवशी बाई लेकीला कुशीत घेऊन स्वतःच्या पायांनी घरी गेल्या.

आता प्रत्येक सिझेरियनआधी तेच डॉक्टर विचारतात, "काय, आमचे बटाटेवाले तयार?" आणि वाकून माझा काटा शून्यावर आहे ना, ते स्वतः बघतात. बाळांना खुशाल नव्या काट्यावर ठेवा, माझी ना नाही. मला फक्त पुसून, शून्यावर आणून ठेवा. आईचं रक्त नजरेने मोजू नका.