सगळे आल्यावर

“खाणं आणि जेवणं एकच ना, बाई?”

प्रश्न मागच्या बाकावरच्या गवंड्याचा होता. कामासाठी बाहेरून आलेल्या मोठ्या माणसांना ती दुपारच्या वर्गात आपली भाषा शिकवायची. जेवण हा शब्द जुन्या ‘जेमन’वरून आला, त्याच्या मुळाशी ‘जिम्’ हा धातू आणि त्याचा अर्थ नुसतं खाणं, असं तिने सांगितलं. गवंड्याने मान डोलावली. मग ती म्हणाली, मूळ काही असो, बोलण्यात फरक पडतो. उभ्या उभ्या खाता येतं, गुरंही खातात. जेवायला मात्र बसावं लागतं.

“मग इथे आल्यापासून मी जेवलोच नाही,” गवंडी म्हणाला आणि वर्ग हसला.

भूतकाळाचा सराव चालू होता, म्हणून दवाखान्यातल्या आयाने लगेच वाक्य जुळवलं, “बाई, काल तुम्ही कोणाबरोबर जेवलात?”

वाक्य बिनचूक होतं. ‘बरोबर,’ म्हणून तिने ते फळ्यावर लिहिलं. तिच्या घरात आठ महिने कुणी जेवलंच नव्हतं.

स्वयंपाक रोज होत होता. पण सासूबाईंचा नियम असा, की घरातलं शेवटचं माणूस आल्याशिवाय ताटं मांडायची नाहीत. भूक लागली तर तोंडात काहीतरी टाकावं, ते जेवण धरत नसत. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याच्या येण्याला काळवेळ नसे. नवी नवरी असताना ती वैतागून म्हणायची, तुझ्यापायी आम्ही उपाशी. त्यावर तो म्हणायचा, मग लिफ्टलाच सांग, जरा लवकर अडकत जा म्हणावं. आठ महिन्यांपूर्वी एके दुपारी तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरला आणि वर आणला तो चादरीत.

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची चाल नेमकी त्याच्यासारखी, उजव्या पायावर जोर देणारी. संध्याकाळी जिन्यात ती पावलं वाजली की दोघींचे हात जागच्या जागी थांबत. पावलं दारावरून पुढे जात. “आज उशीर दिसतोय,” सासूबाई म्हणत. पहिल्यांदा ती नुसतं ‘हं’ म्हणाली होती. म्हातारीला आजच्या दिवस तोडून बोलायला नको, एवढाच विचार. मग ते ‘हं’ रोजचंच होऊन बसलं. खरं म्हणजे तिचाही कान दाराकडेच असायचा.

गेल्या आठवड्यात सासूबाई मोरीत चक्कर येऊन पडल्या. पोटात अन्न नाही, असंच चाललं तर अंथरुणातून उठायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं.

वर्गातून आल्यावर तिने तीन ताटं मांडली. तिची तीन वर्षांची लेक चिमी टाळ्या वाजवत आली.

“इतक्यात?” सासूबाई म्हणाल्या. “तो यायचाय ना.”

तिने बाईंसारखी सुरुवात केली. धातू सांगितला, अर्थ सांगितला, त्यात वाट बघणं कुठेच नाही हेही सांगितलं. आपल्याच कानांना ते पोकळ वाटलं.

“असेल बाई पुस्तकात,” सासूबाई म्हणाल्या. “मी या घरात आले तेव्हा सासू म्हणाली होती, माणसं जमली की जेवण. त्याआधी नुसतं पोट भरणं.”

जिन्यात पावलं वाजली. वर चढत आली. दाराशी क्षणभर थबकल्यासारखी झाली. तिने मात्र हात थांबवला नाही. ती भात वाढत राहिली. भाताची शितं ताटाबाहेर सांडत होती.

“ते वरचे भाडेकरू आहेत, आई,” ती म्हणाली. “हे नाही यायचे आता. घरात आहोत त्या आपण तिघी. सगळे आलेत.”

पावलं वर गेली. सासूबाई खुर्चीची पाठ धरून उभ्याच राहिल्या. तिला वाटलं, आता या आत जाऊन पडणार. पण त्यांनी खुर्ची ओढली आणि दाराकडे पाठ करून बसल्या. चिमीच्या ताटातला भात कालवून दिला, मग आपल्या ताटातला कालवला. पहिला घास त्या कितीतरी वेळ चावत होत्या.

“भाजीत मीठ कमी आहे गं.”

आठ महिन्यांत त्यांनी तिच्या हातच्या कशालाही नाव ठेवलं नव्हतं. ती मीठ आणायला आत गेली. बरणी समोरच होती. तरी ती सापडायला तिला बराच वेळ लागला.