हरेलीच्या दिवशी उघडलेला क्रँक

मी इरावती, वय वर्षं अठ्ठावन्न, राहणार तात्यापारा, रायपूर. बँकेतून निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या आणि मी सायकल घेतली. निळी, एकवीस गिअरची. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या लोकांनी आठ दिवस नावं ठेवली, मग त्यांना दुसरं कुणीतरी सापडलं. मला तेवढे आठ दिवस पुरले, तोवर मी गिअर बदलायला शिकले होते.

गेल्या पावसाळ्यात नवा रायपुरात शंभर किलोमीटरची सायकल राइड होती. पंचवीस किलोमीटरचा एक वळसा, असे चार वळसे. बेचाळिसाव्या किलोमीटरला माझा डावा क्रँक, म्हणजे पायडल ज्या दांड्याला अडकवलेलं असतं तो दांडा, निखळून रस्त्यावर पडला. पुढचा प्रवास मी आयोजकांच्या पिकअपमध्ये केला, मागे, केळ्यांच्या खोक्यांच्या शेजारी. लोक टाळ्या वाजवत होते. कशाला वाजवत होते देव जाणे.

माझे यजमान श्यामकांत तेव्हा हसले नाहीत, पण आठवड्याभराने जेवता जेवता म्हणाले, "पुढच्या साली पुन्हा कर, मी नाही म्हणत नाही. पण पुन्हा गाडीत बसून आलीस तर सायकल भार्गवला देऊन टाकायची. मंजूर?" भार्गव आमचा पुतण्या. मी तावातावाने "हव, मंजूर" म्हणून बसले. भार्गव तर दुसऱ्याच दिवशी येऊन सीट किती वर करावी लागेल ते मोजून गेला.

यंदाची राइड रविवारी पहाटे होती. शुक्रवारी संध्याकाळी मी तलावाभोवती एक चक्कर मारली आणि डावा पाय खाली गेला की 'टक्'. पुन्हा खाली, पुन्हा टक्. आवाज थेट बुडातून, दोन्ही क्रँक ज्या आसावर बसतात तिथून येत होता. मोठ्या दुकानात फोन केला, तर त्यांचा मेकॅनिक गावी गेलेला. म्हटलं, ठीक आहे, सकाळी गुढियारीला तुळशीरामकडे जाऊ. गेल्या वर्षी नवा क्रँक त्यानेच बसवून दिला होता.

इथे मी चुकले. शनिवारी आमची दिव्यांची अमावस्या. सकाळी उठून समया, निरांजनं, सासूबाईंचा लामणदिवा, सगळं चिंचेने घासत बसले. आमची दिव्यांची अमावस्या आणि छत्तीसगढची हरेली एकाच तिथीला येतात, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. पण दिवे घासता घासता हरेली साफ विसरले. गुढियारीत शिरले तेव्हा प्रत्येक दारावर कडुनिंबाची डहाळी खोचलेली, आणि पोट्टे गेडीवर, म्हणजे उंच बांबूंवर चढून, गल्लीभर खटखट चाललेले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हरेलीला माणूस औजार धुतो, पुजतो आणि दिवसभर त्याला हात लावत नाही.

तुळशीरामच्या दुकानासमोर लाल मुरूम पसरला होता आणि त्यावर त्याचे पाने, हातोड्या, पक्कड, पंपसुद्धा, सगळे धुऊन ओळीने मांडले होते. हळद-कुंकू वाहिलेलं, उदबत्ती लावलेली. स्वतः तुळशीराम पांढरा शर्ट घालून स्टुलावर बसला होता. इतक्या वर्षांत त्याची नखं मी पहिल्यांदाच स्वच्छ पाहिली.

"ताई, आज हरेली हाये," तो आधीच अपराधी चेहरा करून म्हणाला. "आज औजाराले हात नाही लावत."

"भाऊ, उद्या पहाटे साडेपाचला सुरू होते. आज नाही झालं तर माझी सायकल गेली." मी त्याला भार्गवची, पैजेची, सगळी गोष्ट सांगितली.

त्याने सायकल हलवून पाहिली नाही, नुसती पाहिली. "मालूम हाये, ताई. पण माह्या बापानं कधी लावला नाही. भंडाऱ्याहून इथं मालधक्क्यावर पोती उचलाले आला, इथचा भात खाल्ला, इथचा सण धरला. मी कसा मोडू?"

हट्ट मला करता येतो, पण दुसऱ्याच्या बापाविरुद्ध नाही करता येत. मी सायकल वळवली. तेवढ्यात त्याची बायको कलावती ताटात गरम गुळाचे चीले, म्हणजे धिरडी, घेऊन बाहेर आली.

"काहून रडवून राहिले दीदीले?" तिने नवऱ्याला विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळली. "दीदी, तुमच्याजवळ सोताचे औजार हायेत का?"

होते. गेल्या वर्षीच्या फजितीनंतर मनाच्या समाधानासाठी मी ऑनलाइन एक डबा मागवला होता. त्याचं सील अजून फोडलं नव्हतं. पाठीवरच्या पिशवीत तो सदैव असायचा, औषधाच्या चिठ्ठीसारखा.

"मंग झालं," कलावती म्हणाली. "यांच्या औजाराले सुट्टी हाये, तुमच्या नाही. हात तुमचे, औजार तुमचे. यांचं नुसतं तोंड. त्याले तर कोण्याच सणाची सुट्टी नसते."

तुळशीरामने थोडा विचार केला, मुरमावरच्या पान्यांकडे एकदा पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून म्हणाला, "खोला डबा."

मी आजवर पंक्चरसुद्धा काढलेलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिलेत, पण इथे शेळी मीच होते. "आधी मधला बोल्ट. डावीकडे फिरवा. हव. आता तो गोल ओढणा क्रँकमधी चुडीवर, आट्यांवर बसवा. सरळ, ताई, सरळ. तिरपा गेला तं चुडी मरते. आता ओढण्याचा दांडा फिरवा." मी दांडा फिरवत गेले आणि तो क्रँक चौकोनी आसावरून हळूच सरकून माझ्या हातात आला. मला इतका आनंद झाला की मी तो कलावतीला दाखवला. तिनेही कौतुकाने पाहिला.

दुसरा क्रँक काढला. मग डाव्या बाजूचा कप, म्हणजे आस आणि छर्रे ज्या टोपीने बंद असतात ती, तीही निघाली. उरला उजव्या बाजूचा कप. मी पाना लावला आणि विचारलं, "कोणत्या बाजूनं फिरवू?"

"त्याची चुडी उलटी असते."

"उलटी म्हणजे इकडे का तिकडे?"

तुळशीरामने पाठीमागचा हात पुढे घेतला आणि हवेत फिरवला. मग थांबला आणि दुसऱ्या बाजूने फिरवला. मग पुन्हा पहिल्या. त्याचा चेहरा उतरत गेला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "तीस साल झाले, हातच करते. मले कोणी इचारलंच नाही कधी."

चुकीच्या बाजूने जोर लावला तर आटे मरणार, आणि फ्रेमचे आटे मेले की सायकल भार्गवच्याही कामाची नाही. मी मोबाईल काढला, पाहून घ्यावं म्हणून. पण तुळशीरामकडे पाहिलं आणि परत पिशवीत टाकला. माणसाला त्याच्याच दुकानात, त्याच्याच सणाला असं छोटं करायचं नसतं. सायकल गेली तर गेली, असंही मनात येऊन गेलं. मग वाईट वाटलं, कारण मला ती फार हवी होती.

कलावती आत गेली आणि चीले उलटायचा लोखंडी सराटा घेऊन आली. "हातात लोखंड नाही म्हणून आठवून नाही राहिलं. हे घ्या."

"अवं, पण हेही औजारच..."

"हे माहं औजार हाये. याले सुट्टी देल्ली असती तं चीले कोणी बनवले असते?"

तुळशीराम सायकलीच्या उजव्या बाजूला उकिडवा बसला. डोळे मिटले. सराटा कपाच्या समोर हवेत धरला, खांदा खाली केला, आणि हात आपोआप निघाला: वरून पुढच्या चाकाकडे, मग खाली. घड्याळाचा काटा फिरतो तसा. त्याने डोळे न उघडताच सांगितलं, "असा. असाच खुलते. पक्कं."

मी पाना लावला आणि तसाच जोर दिला. काही नाही. मी बूट काढून पान्याच्या दांड्यावर चक्क एक पाय ठेवून उभी राहिले. कलावतीने मला धरलं. कडाक् करून कप सुटला आणि मी तिच्या अंगावर पडले. गेडीवरचे पोट्टे बांबूंवर उभ्या उभ्या टाळ्या वाजवायला लागले, आणि या टाळ्या मात्र मी मनापासून घेतल्या.

आत चिखल होता, गंज होता आणि ग्रीसचा थेंब नव्हता. तुळशीरामने हात पुन्हा पाठीमागे बांधून वाकून पाहिलं. "माही चूक हाये, ताई. मागल्या साली क्रँक बदलला, पण आत नाही पाह्यलं. गर्दी होती." मागितल्याशिवाय चूक कबूल करणारा मेकॅनिक मी पहिल्यांदाच पाहत होते. मला त्याचा राग आला नाही, उलट विश्वास वाढला.

मग ग्रीसच्या डब्यावरून नवरा-बायकोची पंचाईत झाली. शेवटी ग्रीस हे औजार नसून सामान आहे असा निकाल कलावतीने दिला आणि डबा स्वतःच आणून ठेवला. मी आटे पुसले, ग्रीस लावलं, उजवा कप उलटा आणि डावा सुलटा फिरवून घट्ट बसवला. घाईघाईने दोन्ही क्रँक चढवले, बोल्ट कसले आणि ऐटीत मागे सरले. कलावती तोंडाला पदर लावून हसायला लागली. दोन्ही पायडलं एकाच बाजूला खाली लोंबत होती. अशी सायकल चालवायची तर बेडकासारख्या उड्या माराव्या लागल्या असत्या. तुळशीराम इतका हसला की त्याने पाठीमागचे हात सोडून गुडघ्यांवर मारले. मी डावा क्रँक पुन्हा उतरवला आणि नीट समोरासमोर बसवला. या वेळी कुणाला मला काही सांगावं लागलं नाही.

"वीस किलोमीटर झाले की दोन्ही बोल्ट आणखी एकदा कसा," तुळशीराम म्हणाला. "नवा बसवलेला क्रँक थोडा आत सरकते." मी काळ्या हातांनीच दोन चीले खाल्ले.

रविवारी नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांवर ढगाळ उजेड होता आणि वारा पाठीमागून होता. विसाव्या किलोमीटरला मी बाजूला थांबले आणि पाना काढला. दोन तरुण मुली थांबून विचारायला लागल्या, "आंटी, मदद चाहिए?" म्हटलं, नको बेटा, रोजचंच आहे. धडधडीत खोटं, पण फार गोड लागलं. बोल्ट पाव आटा आत गेला. तेवढ्यात तुळशीरामचा फोन आला.

"कसले का, ताई?"

"हव, आत्ताच."

"आवाज?"

"बिलकुल नाही."

तो म्हणाला, "मंग जा आता. थांबू नका."

मी थांबले नाही. तिसऱ्या वळशात मांड्या भरून आल्या, चौथ्यात पाऊस आला आणि गेला. मी सबंध वेळ बुडातून येणाऱ्या टकटकीची वाट पाहत होते आणि ती येत नव्हती. शंभर पूर्ण झाले तेव्हा बरेचसे लोक पोहे खाऊन घरी निघाले होते. माझ्या गळ्यात पदक घालणाऱ्या मुलीला मी मिठी मारली. तिचा पांढरा शर्ट खराब झाला.

श्यामकांत गाडी घेऊन आले होते. त्यांनी डिकी उघडून मागची सीट पाडून ठेवली होती आणि ग्रीसचे डाग पडू नयेत म्हणून आत जुनी चादर अंथरली होती. "जिंकलीस बाई," ते म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "चल, सायकल आत टाकू. घर अजून वीस किलोमीटर आहे."

"अहो, गाडीत बसून यायचं नाही असं ठरलंय आपलं."

"ते राइडपुरतं होतं."

"असेल. मी सायकलनेच येते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या काळ्या नखांकडे पाहिलं. "बरं. मग मी मागे मागे येतो. किती स्पीडने जाशील?"

"अठराने."

"अठराने ही गाडी बंद पडेल वाटेत."

"पडली तर मी थांबेन," मी म्हटलं. "उघडून पाहू काय झालंय ते."

त्यांनी चादर बाहेर काढली, झटकली आणि तिची नीट घडी केली.