सहा आकडे

"हॅलो पप्पा, आला का मेसेज? सहा आकडे असतील. पटकन सांगा."

रतिलालनं फोन कानापासून लांब धरून नंबर पाहिला. अनोळखी. मग त्यानं वजनकाट्याच्या केबिनमधून समोर पाहिलं. रस्त्यापलीकडचं इसाकचं पंक्चरचं दुकान पाच वाजायला दहा मिनिटं असताना बंद. त्याच्या मिशीखाली हसू फुटलं.

"आला ना बाई," तो म्हणाला. "थांब, चष्मा लावू दे."

धरणगावात रतिलाल नानानं बनवला नाही असा माणूस दाखवा. चोपडा रस्त्यावरच्या काट्यावर बावीस वर्षं बसून माणूस दुसरं करणार तरी काय? ट्रक चढतो, आकडा येतो, चिठ्ठी फाडायची. मधल्या वेळात फोन. पोरगी मयुरी दहावीला शहाऐंशी टक्क्यांनी पास झाली, तर यानं "गणितात गेलीस" म्हणून तिला तासभर रडवली आणि मग पाठीमागून पेढ्याचा बॉक्स काढला. बायकी आवाज तर असा काढायचा की साक्षात बायकोनं दोनदा "कोण ताई?" म्हणून विचारलं होतं.

त्याच आवाजात गेल्या वर्षी त्यानं इसाकला फोन लावला. धुळ्याच्या मोठ्या हॉटेलात जुन्या कारागिरांचा सत्कार आहे, जोडीनं या. इसाकनं दाढी कोरून घेतली, नवा कुर्ता घातला, जरीनाला स्कूटरवर बसवून धुळं गाठलं. वॉचमननं दोघांना गेटवरूनच फिरवलं. परत आल्यावर इसाक हसला नाही.

"मेरे साथ करते तो चलता था, नाना. जरीना मेहंदी लगाके आई थी. तुम्हारी भी बारी आएगी."

रतिलालनं हा किस्सा सहा महिने सांगितला, मेंदीसकट.

आणि आज बारी आली. पहिल्या हॅलोतच त्यानं ओळखलं.

कसं, ते सांगायला हवं. मयुरीला बीएस्सीसाठी दोन ठिकाणी नाव लागलं होतं. एक धुळ्याचं कॉलेज, तिथं देवपुरात कामिनीआत्याचं घर, डबा-झोप सगळं फुकट. दुसरं पुण्याचं विद्यापीठ, फिजिक्स, होस्टेल. पंधरा दिवस घरात तेच चाललं होतं.

"फिजिक्स शिकून काय, मना काटा दुरुस्त करशी?"

"करीन. चाळीस किलो जास्त दाखवतो, माहितीये मला."

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी सकाळी तो विरघळला. "जाय, टाक पुणं." धरणगावात साईट उघडेना, म्हणून ती जळगावला ओळखीच्या नवीनच्या नेटकॅफेत गेली. घरात फोन एकच, तो काट्यावर लागणारा. फॉर्मला नंबरही त्याचाच. म्हणून ठरलं: ओटीपीचा मेसेज त्याच्याकडे येईल, ती नवीनच्या फोनवरून विचारेल, संध्याकाळी पाचच्या आत. "नवीनचा नंबर नसला तर मी देवालेबी सांगाव नही," हे त्यानं सकाळच्या चहाला मोठ्यानं जाहीर केलं. तेव्हा शेजारी इसाक टोस्ट बुडवत बसला होता. इसाकची लेक जीनत बीएला होती आणि मराठी खणखणीत बोलायची.

आता सांगा, कोण नाही ओळखणार?

खरा आकडा त्यानं आधीच पेननं तळहातावर लिहून ठेवला होता. खऱ्या मयुरीसाठी.

"पप्पा, नवीनभाऊकडे लाईट गेली, त्याचा फोनही बंद पडला. मी बाजूच्या दुकानात आलीये. जनरेटरचा आवाज आहे, जोरात बोला."

लाईट गेली, वर जनरेटर. रतिलालनं मनातल्या मनात दाद दिली. त्यानंही हेच रचलं असतं.

काट्यावर केळीचा ट्रक उभा होता. त्यानं समोरचं वजन वाचलं आणि मागं एक शून्य चिकटवलं. "एक सहा एक आठ शून्य शून्य."

"चुकीचं दाखवतंय. नीट बघा ना."

त्यानं फोन स्पीकरवर टाकला आणि ड्रायव्हरला डोळा मारला. "झिपरू, तुनी जन्मतारीख काय शे?"

"पंधरा आठ एकोणऐंशी, नाना."

"घे बाई. एक पाच शून्य आठ सात नऊ."

टकटक ऐकू आली. मग बराच वेळ नुसता जनरेटर.

"पप्पा, आता एकच चान्स राहिलाय. मी मयुरीच बोलतेय हो. पाच मिनिटं आहेत फक्त."

"मयुरी का? मग आईचं नाव सांग."

"सुगंधा. पप्पा, प्लीज." आवाज फाटला.

"रडनं बी झकास शे," रतिलाल झिपरूच्या कानाशी म्हणाला. झिपरूनं तोंडात गमछा कोंबला. मग रतिलालनं एकेक आकडा चाखत सांगितला. "चार. दोन. शून्य. चार. दोन. शून्य. आणि तुझ्या अब्बाले सलाम सांग."

नंबर त्यानं ब्लॉक केला, दोन चहा मागवले आणि नवीनच्या फोनची वाट बघत बसला.

साडेसहाला इसाकची स्कूटर थांबली. मागं जरीना, नव्या साडीत.

"ये, ये. जीनत चांगली तयार केली रे तू."

"जीनत? वो तो नानी के पास है, आठ दिन से." इसाकनं डिकीतून पेढ्याचा बॉक्स काढून त्याच्या हातात दिला. "पाचोरा में साली की मंगनी थी. ये मयुरी का. हो गया ना पुणे का?"

रतिलालनं बॉक्स धरला. जळगावची एसटी नाक्यावर थांबली आणि मयुरी उतरली. डोळे सुजलेले, ओढणी एका खांद्यावर लोंबत होती. काट्यापर्यंत ती पाय ओढत आली. मग तिला बापाच्या हातातला बॉक्स दिसला.

तिचा चेहरा उजळला.

"पप्पा." ती रडता रडता हसायला लागली. "किती वाईट आहात हो तुम्ही. म्हणजे तुम्ही इकडूनच भरलं ना? मला वाटलंच. झालं ना?"

तिनं पेढ्यासाठी हात पुढं केला.

"हे पेढे इसाकचे, बेटा," रतिलाल म्हणाला.

ती तशीच हसत थांबली, तो पुढचं काहीतरी सांगेल म्हणून. त्यानं तळहात उघडला. घामानं पसरलेले, पण वाचता येतील असे सहा आकडे. तिनं ते वाचले. मग हात मागं घेतला.

इसाकनं जरीनाला स्कूटरवर बसायची खूण केली. नानाची बारी कधी आली आणि कधी गेली, इसाकला पत्ताच नव्हता.

पुढच्या सोमवारी धुळ्यात, कॉलेजच्या खिडकीशी, कामिनीआत्या, मयुरी आणि रतिलाल. क्लार्कनं विचारलं, मेसेज आला का. फोन वाजलाच. रतिलालनं चष्मा लावला, घसा साफ केला आणि सावकाश, एकेक सुटा आकडा खरा वाचायला लागला.

तिसऱ्या आकड्याला मयुरीनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि पहिल्यापासून स्वतः वाचून दाखवला.