वजनात पास

तुम्ही पाहिलंत, साहेब. बम्परच्या बोल्टाच्या भोकातून वाळूची बारीक धार सुटली, तुमच्या बुटावर पडली, तुम्ही पाय झटकलात, आणि तरी म्हणालात, "वजन लिहा, राव."

व्यंकोजी रावने लिहिलं. एकवीस किलो. शेजारी पुदुपेटच्या वेल्डरचा बम्पर... तोही एकवीस, पण अख्ख्या लोखंडी चॅनेलचा. किंमत सहाशे चाळीस. वाळूच्या नळीचा चारशे दहा. डोंगरात जाणाऱ्या सर्व्हेच्या जीपना मागून लावायचे. या कचेरीत मजबुती काट्यावर मोजतात — कोणी कधी ठरवलं कोण जाणे, पोकळ नळीत वाळू ओतायचं माणसाला सुचायच्या आधी कधीतरी — वजन सारखं म्हणजे मजबुती सारखी, आणि मजबुती सारखी म्हणजे स्वस्त तो घ्यायचा. तक्त्याच्या रकान्यात एकच शब्द भरायचा: समान.

मागच्या साली तो शब्द मीच भरला. वळणदार भरला. पणजोबा तंजावरच्या राजवाड्यात कारकून होते, त्यांचंच अक्षर उतरलंय, घरी कौतुक... आणि जव्वादूच्या डोंगरात जीप चिखलात रुतली, ड्रायव्हर सुंदरने खाली उतरून मागच्या बम्परला साखळी बांधली, लॉरीने ओढ दिली, आणि पत्रा फाटावा तसा बम्पर फाटून साखळीसकट त्याच्या गुडघ्यावर आला. आता सुंदर फाटकाशी स्टुलावर बसतो. परवा म्हणाला, "राव सार, माझा गुडघा किती किलोचा होता, लिहून ठेवलंय का?" आणि स्वतःच हसला. मी का हसलो? हसलो खरा.

सोमवारी सुंदरच्या जागी जीप घेऊन त्याच डोंगरात वेंकटरमण जाणार. चार वर्षं सुंदरच्या शेजारी बसून रस्ते शिकलेला माणूस.

व्यंकोजीने तक्ता उचलला, रकाना कोराच ठेवून आत साहेबांच्या खोलीत गेला. सकाळी डबा देताना कृष्णवेणी म्हणाली होती, "आज तोंड आवरा हो. बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे." तोंडच तर आवरलंय, वेणी, एकोणीस वर्षं...

"काय राव! बम्पर घ्यायचाय, मुलीला स्थळ नाही बघायचं. भरा."

"दोन्ही नमुने कापून बघू, सार. करवत स्टोअरमध्येच आहे."

"नमुना कापायचा नियम नाही."

"मग न बघता 'समान' लिहायचा नियम दाखवा."

पंखा गरगरत होता. साहेबांनी बढतीची फाइल ओढली, उघडली, मिटली. दरवेळी इथे तो घाबरून रकाना भरून टाकायचा. आज पेन रकान्यावर टेकलंच नाही. कानात आला तो सुंदरच्या हसण्याचा आवाज, आणि त्यामागून त्याचा स्वतःचा, तो मात्र किळसवाणा. एवढं सोपं होतं? इतकी वर्षं ज्याला भीती म्हणत होतो ती निव्वळ सवय?

"बाहेर थांबा," साहेब म्हणाले.

तो हलला नाही. पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं.

"बाहेर नाही, सार. पुन्हा जीप रुतली तर साखळी बांधायला खाली कोण उतरणार — वेंकटरमण, की तुम्ही? नाव सांगा. 'समान' नाही लिहिणार; ते नाव लिहिणं माझंच काम ना? मग सांगा."